नवकंकरीचा लाकडी पट: पट झकास, कागद केराच्या टोपलीत

आधीच सांगून टाकते, पट घ्या पण त्याच्यासोबत येणारा नियमांचा कागद वाचायच्या भानगडीत पडू नका. आम्ही पडलो आणि घरात दोन दिवस भांडणं चालली, तीही सासू-सुनेची नाही, आजी-नातवाची.

झालं असं की दिवाळीच्या आधी आमच्या नाशिकमध्ये गंगापूर रोडला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन लागलेलं, मी गेले पडदे बघायला आणि आले हा पट घेऊन. एका स्टॉलवर सगळे जुने खेळ मांडलेले, कापडी सारीपाट, वाघ-बकरी, कवड्यांची पुरचुंडी वगैरे, आणि मधोमध हा नवकंकरीचा पट, लाकडी, रेषांच्या जागी पितळेची पट्टी ठोकलेली, वरून पिवळा बल्ब सोडलेला त्यामुळे असा काही चमकत होता की विचारू नका. साडेआठशे सांगितले, मी साडेसातशेला आणला. (ह्यांचं म्हणणं सहाशेला आला असता. ह्यांना प्रत्येक गोष्ट सहाशेला आली असती.)

आता ज्यांना नवकंकरी माहीत नाही त्यांच्यासाठी. एकात एक असे तीन चौकोन, आणि चारही बाजूंच्या मध्यातून बाहेरच्या चौकोनापासून आतल्यापर्यंत एकेक रेष. बस. सगळ्यात आतला चौकोन रिकामा, तिथे रेषा जात नाहीत. कोपरे आणि रेषा मिळतात त्या जागा मोजल्या तर २४ घरं होतात. दोघंच खेळणार, प्रत्येकाकडे ९ सोंगट्या, फासे नाहीत कवड्या नाहीत, म्हणजे नशिबावर ढकलायची सोय नाही, हरलात तर तुम्हीच हरलात. आधी आळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या घरात ठेवायची, सगळ्या १८ ठेवून झाल्या की मग रेषेवरून शेजारच्या रिकाम्या घरात सरकवायची. कधीही, ठेवताना किंवा सरकवताना, आपल्या तीन एका सरळ रेषेत लागल्या की समोरच्याची एक उचलायची. समोरच्याकडे दोनच उरल्या, किंवा उरल्यात पण हलायला जागाच नाही, की तो हरला. ऐकायला फुल्ली-गोळ्यासारखं वाटतं ना, मलाही वाटलं होतं, आणि आईंनी (सासूबाईंनी) मला पहिल्या डावात दहा मिनिटांत धुतलं.

आईंचं माहेर निफाड तालुक्यातलं. त्यांच्या लहानपणी पट विकत बिकत घ्यायची भानगड नव्हती, ओट्यावर कोळशाने आखायचा, एकीकडे चिंचोके दुसरीकडे सीताफळाच्या बिया, आणि आजोबा ओरडले की पायाने पुसून टाकायचा. मी डबा उघडला तेव्हा त्यांनी चष्मा लावून पट बघितला, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं छान आहे गं, पण हा आपला नाही."

म्हटलं आपला नाही म्हणजे?

"ह्याला कोपऱ्यात तिरक्या रेषा कशाला?"

आणि इथेच ह्या प्रॉडक्टचा मेन घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ह्या पटावर चारही कोपरे आतून बाहेर तिरक्या रेषांनी जोडलेले आहेत. दिसायला झकास दिसतं, रांगोळीसारखं. पण तिरक्या रेषा असलेला पट ९ सोंगट्यांचा नाहीच, तो १२-१२ सोंगट्यांच्या खेळाचा पट आहे. दक्षिण आफ्रिकेत ह्याच पटावर मोराबाराबा खेळतात, तिकडे सोंगट्यांना गायी म्हणतात आणि प्रत्येकाकडे १२ गायी असतात. म्हणजे ह्या भाऊंनी पट एका खेळाचा बनवला आणि सोंगट्या दुसऱ्या खेळाच्या भरल्या.

मला आधी वाटलं चार रेषांनी काय एवढं बिघडतं. बिघडतं! साध्या पटावर कोपऱ्यातल्या १२ घरांतून फक्त दोन वाटा निघतात, बाजूच्या मधल्या ८ घरांतून तीन, आणि चारच घरं अशी की जिथून चार वाटा निघतात, ती म्हणजे मधल्या चौकोनाच्या बाजूंची मधली घरं. माझा मुलगा त्या चार घरांना द्वारका सर्कल (आमच्या नाशिकचा गर्दीचा चौक) म्हणतो, कारण तिथे सोंगटी अडकवून ठेवली की समोरच्याचा सगळा ट्रॅफिक जाम. खेळाची सगळी मजा ह्या कंजूस वाटांमध्येच आहे. नवखा माणूस काय करतो, घाईघाईने कोपऱ्यात तीन जुळवतो, एक सोंगटी खातो, खूश होतो, आणि नंतर त्याच्या लक्षात येतं की आपल्या सोंगट्या कोपऱ्यात बसल्यात आणि बाहेर पडायच्या दोन्ही वाटांवर समोरच्याने माणूस उभा केलाय. आता तिरक्या रेषा टाका, म्हणजे कोपऱ्यातल्या प्रत्येक घराला किमान तीन वाटा मिळतात आणि मधल्या चौकोनाची आठही घरं द्वारका होतात. ९-९ सोंगट्यांत मग कोणी कोणाला कोंडूच शकत नाही, सगळे मोकाट फिरतात, डाव पातळ आमटीसारखा होतो. आम्ही दोन्ही प्रकारे खेळून बघितलंय म्हणून सांगते. आणि १२-१२ ने खेळायचं तर सोंगट्या पाहिजेत ना, त्या आहेत नऊ.

स्टॉलवाल्या दादांचा नंबर बिलावर होता, त्यांना व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विचारलं. उत्तर आलं, "ताई ते डिझाईन आहे, त्याचा एक्स्ट्रा चार्ज नाही घेतला." काय बोलणार. पण माणूस वाईट नाही, मी म्हटलं निदान तीन-तीन सोंगट्या जास्तीच्या द्या, तर आठवड्यात कुरियरने सहा पाठवल्या, पैसे घेतले नाहीत. फक्त त्यातल्या तीन पितळी किंचित मोठ्या निघाल्या, त्या घराच्या खळग्यात बसत नाहीत, वर तरंगतात. त्यांना आम्ही पाहुणे म्हणतो.

आता तो कागद. मला वाटतं कोणीतरी इंग्रजीतून मोबाईलवर ट्रान्सलेट करून प्रिंट मारलाय. ह्या खेळात तीन जुळतात त्याला इंग्रजीत मिल म्हणतात, तर कागदावर छापलंय "आपली गिरणी तयार करा". पुढे "गिरणी बंद केल्यावर प्रतिस्पर्ध्याचा एक पुरुष काढून घ्या". आणि शेवटी "तीन पुरुष उरल्यास ते उडू शकतात". मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा आई इतक्या हसल्या की ठसका लागला, पाणी आणून द्यावं लागलं. ह्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं गिरणी चालू आहे का, दळण टाकायचंय. तेव्हापासून आमच्याकडे तीन जुळले की मुलगा "दळण!" म्हणून ओरडतो आणि आता आई पण ओरडतात. गंमत म्हणजे जर्मन लोक पण ह्या खेळाला गिरणीच म्हणतात, म्युले, म्हणजे कागदवाल्याचं अगदीच चुकलं नाही म्हणायचं. आणि इंग्रजीत ह्या खेळाचं नाव नाईन मेन्स मॉरिस, त्या मॉरिसचा कुठल्या मॉरिस नावाच्या माणसाशी संबंध नाही, इंग्रजांच्या मॉरिस नाचाशी पण नाही, सोंगटीला जुना लॅटिन शब्द होता मेरेलस, त्याचं घासून घासून मॉरिस झालं.

हसण्यावारी नेलं असतं पण नियमच चुकलेत हो. कागदात लिहिलंय दळण झालं की समोरच्याची कोणतीही सोंगटी उचला. असं नसतं. जी सोंगटी आधीच तिघांच्या रांगेत आहे तिला हात लावायचा नाही, सगळ्याच सोंगट्या रांगेत असतील तरच लावायचा. हा नियम काढला की बांधलेलं टिकतच नाही, मग बांधायचं कशाला. हलायला जागा उरली नाही तर हार, हे तर कागदात नाहीच, म्हणजे खेळाचा अर्धा जीव गेला. बांधलेली रांग मोडून पुन्हा जुळवली तर पुन्हा खाता येतं का, त्यावरही चकार शब्द नाही. (येतं. मागे घ्यायची, पुढच्या चालीला परत आणायची, पुन्हा दळण.) माझ्या मुलाने दहा वर्षांच्या पोराच्या प्रामाणिकपणे कागद हा पुरावा म्हणून धरला आणि आजीला म्हणाला तू चीटिंग करतेस, लिहिलंय इथे. आईंनी शांतपणे कागद घेतला, चार घड्या घातल्या, आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला. अजून तिथेच आहे, त्या कामाला चांगला आहे.

उडायचा नियम मात्र खरा आहे, तीनच सोंगट्या उरल्या की त्या माणसाला शेजारच्या घराची अट नाही, कुठल्याही रिकाम्या घरात उडी मारता येते, बऱ्याच ठिकाणी असं खेळतात. आईंना तो मंजूर नाही. "हरत आलेल्याला पंख फुटतात होय, आमच्याकडे नव्हतं असलं." मला स्वतःला उडीचा नियम आवडतो, त्याच्याशिवाय शेवट फार रडका होतो, हरणारा नुसता मरायची वाट बघत बसतो, आणि उडी असली की चारवर असलेला माणूस कधी कधी मुद्दाम एक सोंगटी घालवतो. तर आमच्याकडे आता असं ठरलंय की आई असतील तर उडी नाही, मी आणि मुलगा खेळलो तर उडी आहे.

आईंची एक चाल सांगते, कारण ती कळल्याशिवाय तुम्ही ह्या खेळात रोज हराल. समजा बाहेरच्या चौकोनाच्या वरच्या बाजूला तुमच्या तीन लागल्यात. त्याच्या खाली, मधल्या चौकोनाच्या वरच्या बाजूला, डावा आणि उजवा कोपरा तुमचा आहे आणि मधलं घर रिकामं. आता बाहेरची मधली सोंगटी एक घर आत सरकवा, आत तीन जुळले, एक खा. पुढच्या चालीला तीच परत बाहेर, बाहेर तीन जुळले, एक खा. पुन्हा आत. समोरच्याने बसून बघायचं. आम्ही ह्याला झोपाळा नाव ठेवलंय. एकदा झोपाळा बांधला की समोरचा संपला, म्हणून सगळा डाव हा झोपाळा बांधण्याचा आणि समोरच्याचा मोडण्याचा असतो. आई हे करताना चेहऱ्यावर काहीही दाखवत नाहीत, तांदूळ निवडल्यासारख्या सोंगट्या सरकवतात.

कागदाच्या मागच्या बाजूला इतिहास आहे, "३४०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये शोध लागलेला प्राचीन खेळ". हे पण अर्धंमुर्धं. इजिप्तमध्ये कुर्ना इथे सेती पहिला ह्या राजाचं देऊळ आहे, तिथल्या छताच्या दगडांवर असे पट कोरलेले सापडले, आणि १९०९ मध्ये हेन्री पार्कर नावाच्या इंग्रजाने लिहून ठेवलं की ते देवळाइतकेच जुने. पण त्याच दगडांवर ख्रिश्चन लोकांचे क्रूस पण कोरलेत, म्हणजे नंतर कित्येक शतकं लोक तिथे बसून काहीबाही कोरत होते. देऊळ जुनं म्हणून त्याच्यावरचं प्रत्येक कोरकाम जुनं कसं होईल, उद्या कोणी रामकुंडाच्या पायरीवर बदाम आणि बाण कोरला तर तो काय पेशवाईतला?

खात्रीचं बघायचं तर नॉर्वेत जमिनीतून काढलेलं गोकस्टाड जहाज आहे, साधारण नवव्या शतकाच्या शेवटाचं, त्यात ह्या खेळाचा लाकडी पट सापडलाय. स्पेनच्या दहाव्या अल्फोन्सो राजाने १२८३ मध्ये खेळांवर एक सचित्र ग्रंथ पूर्ण करून घेतला, त्यात हा आहे, आणि त्यात तर फासे टाकून खेळायचा प्रकार पण दिलाय. इंग्लंडमध्ये कँटरबरी, सॅलिसबरी अशा मोठ्या चर्चमध्ये दगडी बाकांवर हे पट खरवडलेले आहेत, म्हणजे प्रार्थनेच्या मधल्या वेळात कोणाचं लक्ष कुठे होतं ते कळतंच. एवढ्या लांब लांब तेच तीन चौकोन, हे वाचून मला खरंच भारी वाटलं. कागदवाल्याने इजिप्त सोडून हे छापलं असतं तरी चाललं असतं.

आणि इजिप्तपर्यंत जायची गरजच काय, आपल्या पांडवलेणीत दगडावर पटखेळ कोरलेले आहेत. मुलाला हे कळल्यावर रविवारी जावंच लागलं. पायऱ्या चढून वर जाईपर्यंत माझा दम निघाला आणि हा पुढे पळून लेण्यांच्या ओट्यांवर वाकून वाकून शोधतोय. लोक सातवाहनांच्या राणीचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख बघतात, आम्ही जमीन बघत होतो. खळग्यांच्या ओळी दिसल्या त्याला, इतका खूश झाला की खिशातून खडू काढला, रेघा नीट दिसाव्यात म्हणून. तिथल्या वॉचमन काकांनी लांबूनच आवाज दिला, "बाळा, खडू नको हां." बरोबरच आहे त्यांचं. ह्याने मग मोबाईलची बॅटरी तिरकी धरली, तर खळगे खडूपेक्षा छान उठून दिसले. ज्यांना जायचंय त्यांनी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरकं असतं तेव्हा कोरलेलं नीट दिसतं, आणि तिथे वर बसून खेळायचं असेल तर हा पट नेऊ नका, भयंकर जड आहे.

जड वरून आठवलं, क्वालिटीबद्दल लिहायचं राहिलंच. शिसम म्हणून विकलाय. आमच्याकडे कपाटाचं काम करायला मामा येतात त्यांनी खालून नखाने खरवडून बघितलं, म्हणाले आंबा आहे, गडद पॉलिश मारलंय. असू दे, आंब्याचं लाकूड काय वाईट नसतं, पण मग शिसम म्हणू नये. एका ठिकाणी पितळेची पट्टी कोपऱ्यात उचललीय, बोटाला लागते, लहान मुलं असतील तर घ्यायच्या आधी सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवून बघा. खाली सोंगट्या ठेवायला खण दिलाय ही आयडिया मस्त, पण अवकाळी पाऊस झाला त्या आठवड्यात खण असा फुगला की दोन दिवस निघेना, शेवटी ह्यांनी मेणबत्ती घासली कडांना, आता सरकतो.

सोंगट्या मात्र सुरेख. ९ पितळी, ९ काळ्या लाकडी, बुटक्या, डोक्याला छोटी गाठ असलेल्या, बोटांत छान येतात. पितळी सोंगटी खळग्यात ठेवताना जो टक आवाज येतो ना, त्यातच निम्मे पैसे वसूल. लाकडी हलक्या आहेत, पट जरा हलला की लोळतात, त्यामुळे पितळी कोणी घ्यायच्या ह्यावर रोज नाणं उडवावं लागतं. पितळ महिन्याभरात काळवंडतं, भांडीबाजारातून पावडर आणायला निघाले होते तर आई म्हणाल्या चिंच आहे की घरात. चिंचेचा कोळ लावून घासल्या, लखलखीत. खेळायला जुन्या काळी चिंचोके आणि आता धुवायला चिंच, असं काहीतरी त्या पुटपुटत होत्या.

मुलाच्या एका मित्राने येऊन ज्ञान दिलं की हा खेळ कॉम्प्युटरने सोडवलाय. खरं आहे ते, १९९३ मध्ये राल्फ गॅसर ह्या संशोधकाने अब्जावधी मांडण्या कॉम्प्युटरकडून तपासून दाखवून दिलं की दोघंही एकही चूक न करता खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो. मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकही चूक न करता कोण खेळतं?" आणि माझी चौथी सोंगटी उचलली.

बरं, आता मार्क. पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला कागदाचा, अर्धा तिरक्या रेषांचा, अर्धा शिसम म्हणून आंबा दिल्याचा. कोणाला भेट द्यायला घेत असाल तर जरूर घ्या, फक्त दुकानात उभ्या उभ्या रेषा बघा: तिरक्या नसतील तर ९-९ सोंगट्या बरोबर, तिरक्या असतील तर १२-१२ मागा आणि सगळ्या खळग्यात बसवून बघूनच पैसे द्या. आमच्या पटावर आईंनी स्वतःच तोडगा काढलाय, चारही कोपऱ्यांतल्या तिरक्या पट्ट्यांवर काळी इन्सुलेशन टेप लावलीय. दिसायला भिकार दिसतं, साडेसातशे रुपयांचा पट आणि वर वायरमनची टेप, पण रोज जेवणं झाली की डाव नीट होतो. परवा पाहुणे आले तेव्हा मी टेप काढून ठेवली होती शोसाठी, तर आईंनी चहा व्हायच्या आत परत लावली.